परवान्यापासून प्रवर्गापर्यंत : ख्रिस्ती धर्म, शासनसंस्था आणि मराठी वाङ्मय

१

दिल्लीच्या पहाडगंज विभागात नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन या दोन संस्था आहेत, आणि राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाला या वस्तीचा परिचय बहुधा त्यांच्यामुळेच होतो. याच विभागाच्या पश्चिमेस, मंदिर मार्गावर, संत थोमाच्या नावाचे एक चर्च उभे आहे. वॉल्टर जॉर्ज या वास्तुशिल्पज्ञाने १९३० च्या दशकाच्या आरंभी उघड्या विटांत बांधलेले हे चर्च एतद्देशीय ख्रिस्ती मंडळीसाठी होते. तेथून फारशा दूर नसलेल्या परिसरात, तत्कालीन व्हाइसरॉयच्या प्रासादाजवळ, हेन्री मेड याच्या आराखड्यानुसार दुसरे एक भव्य चर्च त्याच सुमारास उभे राहिले. त्याचा पाया १९२७ साली घातला गेला व १९३१ साली तेथे उपासना सुरू झाली. 'व्हाइसरॉयचे चर्च' या नावानेच ते पुढे ओळखले गेले. एक उपासनामंदिर राजप्रासादाच्या सावलीत आणि दुसरे सामान्यांच्या वस्तीच्या कडेला, अशी ही मांडणी पाहिली म्हणजे ब्रिटिश अमदानीतील ख्रिस्ती धर्म आणि राजसत्ता यांचे नाते सरळ डोळ्यांपुढे उभे राहिले असे वाटते.

परंतु हे नाते दिसते तितके सरळ नव्हते. ज्या १९२७ साली राजप्रासादाशेजारच्या चर्चचा पाया घातला गेला, त्याच साली ब्रिटिश पार्लमेंटने इंडियन चर्च अ‍ॅक्ट संमत केला आणि १९३० पासून हिंदुस्थानातील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून विधिवत पृथक झाली. दगडविटांत जवळीक उभी राहत असतानाच कायद्याने फारकत होत होती. या विसंगतीचा अर्थ लावण्यासाठी वास्तूंपेक्षा ग्रंथांची साक्ष अधिक उपयोगी पडते. आणि या बाबतीत मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची साक्ष विशेष मोलाची आहे. सुमारे चार शतकांच्या या परंपरेने पोर्तुगीज राजवट, कंपनी सरकार, राणीचे राज्य आणि भारतीय प्रजासत्ताक अशा चार भिन्न शासनव्यवस्था अनुभवलेल्या आहेत.

या प्रश्नाची मुळे ख्रिस्ती धर्मग्रंथातच आहेत. कर भरण्याच्या नाण्याविषयी येशूला विचारलेला प्रश्न व त्याने दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. त्या उत्तराने राजाचे देणे आणि देवाचे देणे ही दोन खाती वेगळी केली. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रस्थापित सत्तेच्या अधीन राहण्याचा उपदेश आहे. उलट, नव्या कराराच्या अखेरच्या ग्रंथात हीच साम्राज्यसत्ता श्वापदाच्या रूपाने येते. म्हणजे शासनसंस्थेविषयी ख्रिस्ती परंपरेजवळ एकच सिद्ध मत नव्हते. दोन खाती नेमकी कोठे वेगळी होतात, हे प्रत्येक समाजाला आपापल्या काळी ठरवावे लागले. मराठी समाजात ते कसे ठरत गेले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

२

पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा जिंकला. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून 'पाद्रुआदो' नावाचा आश्रयाधिकार मिळालेला होता. बिशपांच्या नेमणुका सुचविणे, धर्मपीठांचा खर्च चालविणे आणि धर्मप्रसाराची व्यवस्था लावणे हे त्यामुळे राजाच्या कर्तव्यांतच मोडत होते. चर्च आणि सरकार यांच्या सीमा इतक्या एकमेकींत मिसळल्यावर धर्मप्रसार हा राज्यकारभाराचा भाग होणे अपरिहार्य होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. साष्टी प्रांतातील देवळे पाडली गेली, आणि १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांची हत्या व तिच्या मागोमाग गावच्या प्रमुखांचा वध ही उभयपक्षी रक्तरंजित घटना घडली.

याच प्रदेशात, याच काळात, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट वावरत होता. तो १५७९ साली गोव्यात आला व १६१९ साली वारला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या भाषासौंदर्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने ग्रंथाच्या शासकीय परिस्थितीकडे कमी लक्ष गेले आहे. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न भक्ताचा आहे, तसाच तो प्रजाजनाचाही आहे. पुराणे बंद झाली ती राजाज्ञेने व धर्मसभेच्या निर्णयाने. त्यामुळे निर्माण झालेली पोकळी भरून काढण्याचे काम मात्र कवीवर येऊन पडले. आणि कवीने ती पोकळी भरली तीही सत्तेच्या परवान्यानेच. इन्क्विझिशनसह वरिष्ठांची अनुमती मिळाल्यावाचून त्या काळी गोव्यात कोणतेही पुस्तक छापता येत नसे.

म्हणून 'ख्रिस्तपुराण' हा ग्रंथ एकाच वेळी दोन गोष्टींचा पुरावा ठरतो. सत्तेने जे नष्ट केले त्याची आठवण त्याच्या ओवीबद्ध रचनेत, संबोधनांत आणि 'वैकुंठ'सारख्या शब्दांत जिवंत राहिली. त्याच सत्तेने जे होऊ दिले त्याची मर्यादाही त्या ग्रंथाला पडली. पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे या परवान्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून, तीन वर्षांच्या आत प्रजाजनांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज भाषा अंगीकारावी असे जाहीर केले. ज्या भाषेला एका पिढीने उपासनेची प्रतिष्ठा मिळवून दिली, तीच भाषा दुसऱ्या पिढीच्या शासनाला संशयास्पद वाटू लागली. 'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे निघालेली आवृत्ती हस्तलिखितांवरून सिद्ध करावी लागली. राजाश्रयाने मिळालेले वाङ्मयीन जीवन राजाच्या मर्जीइतकेच टिकते, आणि ग्रंथ वाचतात ते वाचकांनी जपलेल्या नकलांमुळे, असा या इतिहासाचा इत्यर्थ आहे.

३

कंपनी सरकारचा मार्ग याच्या नेमका उलट होता. व्यापार आणि महसूल यांना धर्मप्रसाराने धक्का बसेल, अशी कंपनीच्या अधिकाऱ्यांना सतत धास्ती वाटे. १८१३ च्या आरंभी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा त्यांना देशाबाहेर पाठविण्याचा हुकूम कलकत्त्याहून सुटलेला होता. मुंबईच्या गव्हर्नरकडे अर्जविनंत्या करून त्यांना येथे राहावे लागले. त्याच वर्षीच्या सनदेने मिशनऱ्यांना परवाना घेऊन येण्याची मुभा दिली, आणि १८३३ च्या सनदेने परवान्याची अटही गेली. दरम्यान १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने पुण्यातील ब्राह्मणांची दक्षिणा चालू ठेवली व १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा काढली. ख्रिस्ती राजाचे सरकार मिशनऱ्याला दारात अडवीत होते आणि शास्त्रीबुवांना दक्षिणा देत होते. मिशनऱ्यांच्या लेखनात सरकारविषयीचा जो तक्रारीचा सूर ऐकू येतो तो याच परिस्थितीतून आलेला आहे. 'मिशनरी म्हणजे सरकारचा हस्तक' हे समीकरण निदान या पूर्वकाळाला लागू करता येत नाही.

मात्र या तटस्थतेलाही एक मर्यादा होती. धर्मांतराचा वाद कोर्टात गेला म्हणजे सरकारला एक बाजू घ्यावीच लागे. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली दोन प्रकरणे या दृष्टीने शेजारी ठेवण्यासारखी आहेत. १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा न्यायालयाने निर्णय त्या तरुणांच्या स्वेच्छेवर सोपविला. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्याला पित्याच्या हवाली केले. येथवर कायद्याचे काम संपले. खरा पेच यापुढे सुरू झाला. मिशनच्या घरी राहून अन्न खाल्लेला श्रीपत परत जातीत यावा म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्ताचा पक्ष उचलून धरला, तर सनातन्यांनी त्यास कडवा विरोध केला.

या प्रकरणाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. सरकार मुलाला घरी पाठवू शकत होते. घरात घेणे मात्र सरकारच्या हाती नव्हते. वयाचा निर्णय न्यायाधीश करू शकत होता, परंतु पंक्तीचा निर्णय करणारी सत्ता निराळीच होती. ख्रिस्ती धर्म आणि शासन या दोहोंच्या नात्याचा विचार करताना ही जातिसंस्थेची तिसरी सत्ता विसरली म्हणजे सगळा हिशेब चुकतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांना ती कधीच विसरता आली नाही, कारण तिचा प्रत्यय त्यांना रोज येत होता.

४

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे किंवा जातिबहिष्कारामुळे वारसाहक्क जाण्याची तरतूद रद्द केली. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती धर्मावरील आपली श्रद्धा व्यक्त करूनही ती प्रजेवर लादण्याचा अधिकार नाकारला व अधिकाऱ्यांना प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करण्यास मनाई केली. १८६६ च्या कायद्याने, जोडीदाराने ख्रिस्ती झाल्याबद्दल टाकलेल्या व्यक्तीस न्यायालयामार्फत विवाहबंधनातून मुक्त होण्याची वाट करून दिली. सोळा वर्षांत झालेले हे कायदे संपत्ती, विवाह आणि श्रद्धा या तिन्ही क्षेत्रांत शासन शिरत असल्याचे दाखवितात. तथापि प्रत्येक कायदा व्यक्तीला फक्त हक्क देत होता. हक्क बजावण्यासाठी लागणारे सामाजिक बळ कायद्याच्या कक्षेत येत नव्हते.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ सालची, म्हणजे विधवाविवाहाच्या कायद्यानंतर अवघ्या वर्षाची. पदमनजी स्वतः १८५४ साली बेळगाव येथे ख्रिस्ती झालेले होते. ही कादंबरी मराठीतील आद्य कादंबरी म्हणून इतिहासात नोंदली जाते व पुष्कळदा तिचा प्रचारकी शेवट दाखवून ती बाजूला ठेवली जाते. कायद्याच्या संदर्भात वाचली तर मात्र तिची रचना वेगळी दिसू लागते. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी विधवांच्या हकिकती ऐकते. कायद्याने पुनर्विवाह मोकळा केल्यानंतरच्या महाराष्ट्रात केलेली ही जणू एक चौकशीच आहे. जागोजागी तिला आढळते ते असे की विधवेच्या केसांवर, अन्नावर आणि अब्रूवर चालणारी सत्ता घरातली, नातेवाइकांची आणि उपाध्यायांची आहे. यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. या शेवटाचा तार्किक अर्थ एवढाच की कायद्याने दिलेला हक्क वापरण्यासाठी तिला दुसऱ्या एका समाजात जावे लागले. लेखकाच्या दृष्टीने तो समाज म्हणजे ख्रिस्ती मंडळी. हा निष्कर्ष न पटणाऱ्या वाचकालाही त्यामागील निरीक्षण नाकारता येत नाही.

याच प्रश्नाची दुसरी, अधिक सखोल बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नींचा संसार दुभंगलेला राहिला. लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. या काळात १८६६ चा कायदा अस्तित्वात होताच. टाकून गेलेल्या जोडीदारास नोटीस द्यावी, न्यायाधीशाने मुदत द्यावी आणि अखेर बंधन तोडावे, अशी त्याची पद्धत. टिळक दांपत्याने ती वाट धरली नाही. पत्रव्यवहार, मध्यस्थांची ये-जा, मुलाची ओढ, सोवळ्याओवळ्याच्या सवयी हळूहळू सुटत जाणे, स्वतःच्याच अट्टहासाचे हसू येणे, अशा कितीतरी लहान पायऱ्यांनी ते दोघे पुन्हा एकत्र आले. कायद्याला केवळ 'एकत्र' आणि 'विभक्त' या दोनच अवस्था ठाऊक असतात. त्या दोहोंमधील पाच वर्षे 'स्मृतिचित्रे'त आहेत. श्रद्धेचा बदल हा एका दिवशी नोंदवावयाचा प्रसंग आहे की वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया आहे, या प्रश्नाला मराठीत याहून प्रामाणिक उत्तर सापडणे कठीण आहे. पुढील काळातील धर्मांतरविषयक कायदे वाचताना हे उत्तर स्मरणात ठेवणे अगत्याचे आहे.

५

मराठी ख्रिस्ती लेखक सरकारच्या बाजूचे होते, हा समज दोन व्यक्तींच्या चरित्रांपुढे टिकत नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या. तेथील अँग्लिकन भगिनींशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात, बिशपांचा किंवा परंपरेचा शब्द केवळ अधिकार म्हणून स्वीकारण्यास त्या ठाम नकार देतात. ब्राह्मण पुरोहितांची सत्ता सोडून आलेल्या बाईंना दुसऱ्या पुरोहितांची सत्ता पत्करावयाची नव्हती. धर्माधिकाराविषयीची हीच वृत्ती शासनाधिकाराच्या बाबतीतही दिसून आली. १८९७ साली पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली चाललेल्या व्यवस्थेत, सरकारी इस्पितळांत व छावण्यांत स्त्रियांची जी दुर्दशा झाली तिच्याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिले. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबई सरकारने आरोप नाकारले. राज्यकर्त्यांचा धर्म आणि आपला धर्म एक आहे, या कारणास्तव त्यांनी लेखणी आवरली नाही. उलट, धर्म एक असल्यामुळेच जाब विचारण्याचा अधिकार अधिक आहे, अशी त्यांची भूमिका त्या कृतीतून व्यक्त होते.

रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीस मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही आपला आपण ग्रंथ वाचता यावा हा त्याचा हेतू होता. वाचक आणि ग्रंथ यांच्यामध्ये पंडित, पाद्री वा सरकारी भाषांतरकार कोणीच नसावा, ही इच्छा भाषेच्या पातळीवरील एक राजकीय भूमिकाच होय.

टिळकांचा मार्ग निराळा होता. देशप्रीतीची गीते आणि ख्रिस्तभक्तीचे अभंग त्यांच्या लेखणीतून एकाच ओघात उतरले. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या वाटेने आलो, ही त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. परदेशी मिशनच्या वेतनावर जगत स्वदेशी ख्रिस्ती धर्म उभा करता येणार नाही, हे त्यांना उत्तरोत्तर जाणवू लागले. १९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले व तो प्रयोग वाढीस लागला नाही. परंतु नावाची निवड अर्थपूर्ण आहे. 'मंडळी' किंवा 'मिशन' हे रूढ शब्द सोडून त्यांनी 'दरबार' हा राज्यव्यवहारातील शब्द घेतला, तोही साताऱ्यासारख्या छत्रपतींच्या राजधानीत, आणि इंग्रजांच्या दिल्ली दरबाराच्या आठवणी ताज्या असताना. ज्या दरबारात ना जातीची उतरंड, ना साहेबाची खुर्ची, असा एक दरबार त्यांनी कल्पिला. 'देवाचे राज्य' या बायबलमधील कल्पनेचे मराठी मातीत केलेले हे भाषांतर होते, आणि ते करण्यासाठी त्यांना मिशन व सरकार या दोहोंपासून सारखेच अंतर राखावे लागले.

६

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. संविधानसभेत अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष असलेले हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. धर्माधारित राखीव जागांचा त्याग करण्याच्या बाजूने ख्रिस्ती प्रतिनिधींनी आपले वजन टाकले. १९४८ च्या डिसेंबरात धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा धर्माचा 'प्रसार' करण्याचा हक्क त्यात ठेवावा की नाही यावर तीव्र मतभेद होते. अखेर तो शब्द राहिला व संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात समाविष्ट झाला. राजकीय सवलत सोडावी आणि सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य मागावे, असा हा व्यवहार होता. नाण्याच्या प्रश्नाला दिलेल्या जुन्या उत्तराची ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल.

या शब्दाच्या अर्थावरचा वाद मात्र मिटला नाही, आणि त्यातील एक महत्त्वाचा अध्याय मराठी मुलखातच घडला. जुन्या मध्य प्रदेशात विदर्भ समाविष्ट होता व नागपूर ही त्याची राजधानी होती. त्या सरकारने १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ साली सादर झालेल्या तिच्या अहवालाने आमिष व दडपण यांनी होणाऱ्या धर्मांतरावर कडक टीका केली आणि परदेशी मिशनऱ्यांवर निर्बंध सुचविले. त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबर रोजी, त्याच नागपुरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्या प्रसंगी दीक्षा घेतलेल्या प्रतिष्ठित व्यक्तींमध्ये स्वतः डॉ. नियोगी हेही होते.

हा केवळ योगायोग समजून सोडून देण्यासारखा नाही. धर्मांतराची चौकशी करणारा न्यायाधीश स्वतः धर्मांतर करतो, यात वरवर पाहता विसंगती आहे. परंतु धर्मांतर ही विचारपूर्वक केलेली निवड असू शकते, याचा तो सर्वांत सबळ दाखलाही आहे. प्रश्न असा उरतो की स्वेच्छा आणि आमिष यांतील सीमारेषा कोणी, कोठे आणि कोणत्या पुराव्यावर आखावयाची? ओरिसाने १९६७ साली व मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदे करून ती आखण्याचा अधिकार शासनाकडे घेतला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात ते कायदे ग्राह्य ठरविले आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही असा निर्णय दिला. त्यानंतर अनेक राज्यांनी तशाच स्वरूपाचे कायदे केले. धर्मांतरितांच्या आत्मकथनांनी ज्या प्रक्रियेला वर्षे दिली, तिचे मोजमाप करण्याचे काम अशा रीतीने अर्ज, सूचना आणि प्रतिज्ञालेख यांच्याकडे आले.

शासनाचा दुसरा हस्तक्षेप अधिक शांतपणे होतो, म्हणून तो कमी दिसतो. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्मीयास अनुसूचित जातीचा मानण्याचे नाकारले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. १९८५ च्या सुसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या चर्मकाराची मागणी अमान्य केली. धर्मांतरानंतरही तीच वंचितता तितक्याच प्रमाणात टिकून राहिल्याचे दाखवावे लागेल, असे त्याचे कारण होते. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढून टाकण्याची शिफारस केली, आणि २०२२ साली केंद्र सरकारने निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी नवा आयोग नेमला.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या भागांतील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेला आहे. एकाच गावातील, एकाच वस्तीतील, कधी एकाच भावकीतील दोन घरांपैकी एक बौद्ध आणि दुसरे ख्रिस्ती असते. गावाच्या नजरेत दोघांचे स्थान पूर्वापार एकच असते. शासनाच्या नोंदवहीत मात्र १९९० पासून एकाची जात मान्य आहे व दुसऱ्याची विसर्जित झालेली आहे. श्रीपत शेषाद्रीच्या वेळी सरकार म्हणत होते की तू घरी जा, आणि जात म्हणत होती की येऊ नकोस. येथे शासन म्हणते की तुझी जात गेली, आणि गाव म्हणतो की ती गेलेली नाही. शंभराहून अधिक वर्षांच्या अंतराने पेच तोच राहिला असून त्याची दिशा तेवढी उलटली आहे.

७

येथवरच्या विवेचनातून एक क्रम दिसून येतो. गोव्यात शासन परवाना देणारे होते. कंपनीच्या काळात ते निवाडा करणारे झाले. राणीच्या राज्यात हक्क देणारे झाले. प्रजासत्ताकात ते प्रवर्ग ठरविणारे झाले. प्रत्येक टप्प्यावर ख्रिस्ती मंडळीचा शासनाशी संबंध बदलला, आणि प्रत्येक टप्प्यावर मराठी वाङ्मयाने त्या संबंधातील न नोंदलेला भाग जपून ठेवला. 'ख्रिस्तपुराणा'तील ब्राह्मणाचा प्रश्न फर्मानात नाही, यमुनेने ऐकलेल्या हकिकती कायद्याच्या पुस्तकात नाहीत, आणि टिळक दांपत्याची पाच वर्षे कोणत्याही कलमात बसत नाहीत.

हे भान राखले तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला 'मिशनरी वाङ्मय' या स्वतंत्र कप्प्यात ठेवण्याची रूढी बदलावी लागेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईत उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते; जमीन, पाणी आणि बेसुमार बांधकाम या प्रश्नांवर त्यांनी शासकीय नियोजनाला विरोध केला, आणि त्यात सर्व धर्मांचे वसईकर सामील झाले. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या पाद्रीपणावर आक्षेप घेणारेही निघाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. आक्षेप घेणाऱ्यांना ख्रिस्ती माणूस म्हणजे परक्या सत्तेचा प्रतिनिधी वाटत होता. वसईच्या वाडीतील शेतकऱ्याला मात्र तो आपल्या विहिरीच्या पाण्यासाठी सरकारशी भांडणारा गावकरी म्हणून ठाऊक होता.

राजप्रासादाशेजारचे चर्च पाहून ख्रिस्ती धर्म आणि शासन यांच्या नात्याचा निष्कर्ष काढणाऱ्याने म्हणूनच मंदिर मार्गावरील विटांचे चर्चही पाहावे. पहिल्याला नाव देणारा व्हाइसरॉय १९४७ साली गेला. दुसरे ज्यांच्यासाठी उभारले गेले त्या एतद्देशीय ख्रिस्ती माणसांचा शासनाशी चाललेला व्यवहार त्यानंतरही चालू राहिला. तेथून जवळच, पहाडगंजातील मराठी शाळेत, टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंचे गद्य मराठीचा वारसा म्हणून शिकविताना, त्या लेखनामागील माणसाला आपली श्रद्धा, आपले घर आणि आपली जात यांचा हिशेब कोणकोणत्या सत्तांपुढे द्यावा लागला, हेही शिकविले गेले, तर त्या वारशाचा अर्थ पुरतेपणी हाती येईल.